फाटकापासून रस्त्यापर्यंत : वडोदरा-अहमदाबादचा नियम एक, उतार मात्र वेगळे

घराच्या फाटकापासून डांबरी रस्त्याच्या कडेपर्यंत सहसा पाच-दहा फुटांचे अंतर असते. मोटार किंवा स्कूटर आत नेण्यासाठी तेथे सिमेंटचा उतार केलेला असतो. वास्तुविशारद त्याला ड्राइव्हवे म्हणतात, गवंडी रॅम्प म्हणतो, घरमालक नुसता उतार म्हणतो. घर बांधताना या उताराचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि तो किती लांब, किती उंच करायचा हे बहुधा जागेवरच ठरते. पुढे पावसाचे पाणी तेथे तुंबते, पायी चालणाऱ्याला पदपथ सोडून रस्त्यावर उतरावे लागते आणि शेजाऱ्यांत वाद सुरू होतो, तेव्हा प्रश्न विचारला जातो : हा उतार नेमका कुणाच्या जागेत आहे आणि त्याला परवानगी कुणी दिली?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गुजरातमधील वडोदरा आणि अहमदाबाद ही शेजारची दोन शहरे उपयोगी पडतात. द्रुतगती मार्गाने जोडलेल्या या दोन शहरांचे बांधकाम नियम एकेकाळी स्वतंत्र होते. २०१७ पासून ते एकच आहेत. तरीही दोन्ही शहरांतील घरांसमोरचे उतार सारखे झालेले नाहीत. गायकवाडांच्या राजधानीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना रावपुरा आणि दांडिया बाजारातले हे चित्र परिचयाचे असेल. गोव्यातील वाचकांसाठीही ते परके नाही, कारण गोव्यातही बांधकामाचा नियम राज्यभर एकच आहे आणि फाटकाबाहेरचा गोंधळ मात्र गावोगावी निराळा आहे.

एका उताराचे तीन मालक

भारतातील बांधकाम नियमावल्यांमध्ये ‘ड्राइव्हवे’ नावाचे स्वतंत्र, सविस्तर प्रकरण सहसा सापडत नाही. त्याचे नियम तीन ठिकाणी विखुरलेले असतात, आणि गैरसमजाचे मूळ तेथेच आहे.

पहिला भाग भूखंडाच्या आतला. घर आणि कुंपण यांच्यामध्ये किती जागा मोकळी सोडायची, वाहनासाठी किती जागा राखायची, जोते किती उंच असावे, हे बांधकाम नियमावली ठरवते. मोकळ्या जागेला गुजरातमध्ये ‘मार्जिन’ म्हणतात, गोव्यात ‘सेटबॅक’. ही जागा मालकाची असते, पण तिच्यावर काय बांधता येईल हे नियम सांगतो.

दुसरा भाग फाटकाचा. मोठ्या इमारतींच्या बाबतीत फाटकाची रुंदी अग्निशमन दलाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने उंच इमारतींच्या मुख्य प्रवेशासाठी किमान ६ मीटर रुंदी सुचवली आहे, ती बंबाची गाडी वळून आत यावी म्हणून. एका कुटुंबाच्या बंगल्याला अर्थातच एवढ्या रुंदीची गरज नसते.

तिसरा भाग फाटकाबाहेरचा, आणि वादाचा बहुतेक मुद्दा येथेच असतो. कुंपणापासून डांबरी पट्ट्यापर्यंतची जागा मोकळी दिसली, तरी ती रस्त्याचाच भाग असते. रस्त्याची रुंदी ९ मीटर आहे असे नकाशात लिहिलेले असते, तेव्हा ती एका बाजूच्या कुंपणापासून दुसऱ्या बाजूच्या कुंपणापर्यंत मोजलेली असते. केवळ डांबराची रुंदी नव्हे. पदपथ, गटार, विजेचा खांब, जलवाहिनी हे सारे याच रुंदीत येते. त्यामुळे फाटकाबाहेर केलेला उतार हा सार्वजनिक रस्त्यावरचे बांधकाम ठरतो. घराचा नकाशा मंजूर झाला म्हणजे या उतारालाही मंजुरी मिळाली, असे होत नाही.

दोन नियमावल्यांची एक नियमावली

गुजरात नगररचना व नागरी विकास कायदा १९७६ चा. त्याच्या आधारे १९७८ मध्ये अहमदाबाद आणि वडोदरा येथे नागरी विकास प्राधिकरणे स्थापन झाली. ‘औडा’ आणि ‘वुडा’ ही त्यांची प्रचलित नावे. प्रत्येक प्राधिकरण आपला विकास आराखडा करी आणि त्यासोबत आपली नियंत्रण नियमावली काढी. मोकळ्या जागेची मोजमापे, वाहनतळाचे प्रमाण, तळघराच्या रॅम्पच्या अटी शहरागणिक बदलत. अहमदाबादेत काम करणाऱ्या वास्तुविशारदाला वडोदऱ्यात नकाशा सादर करताना दुसरे पुस्तक उघडावे लागे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्य सरकारने संपूर्ण गुजरातसाठी सामाईक नियमावली लागू केली. शहरांचे वर्ग पाडण्यात आले आणि अहमदाबाद, वडोदरा ही दोन्ही शहरे मोठ्या शहरांच्या एकाच वर्गात आली. तेव्हापासून रस्त्याच्या बाजूने सोडायची मोकळी जागा दोन्हीकडे एकाच कोष्टकावरून ठरते : रस्ता जितका रुंद, तितकी ही जागा अधिक. सदनिकांच्या इमारतीत वाहनतळाची किमान जागा वापरलेल्या चटईक्षेत्राच्या टक्केवारीत मोजली जाते, आणि ती टक्केवारीही दोन्हीकडे सारखीच आहे.

शेजारच्या महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही अपवाद वगळून असाच एकत्रित नियम आणला. मात्र तेथे हिशेबाची पद्धत वेगळी आहे. सदनिकेच्या आकारानुसार किती मोटारी आणि किती दुचाकी, अशी वाहनांची संख्या महाराष्ट्राचा नियम सांगतो. जागेची टक्केवारी ठरवून दिली की वाहने कशी मांडायची याचे स्वातंत्र्य बांधकाम करणाऱ्याला राहते. संख्या ठरवून दिली की प्रत्येक वाहनाला आत येण्या-जाण्याची वाट नकाशात दाखवावी लागते. फाटकातून आत जाणारा मार्ग कसा आखला जाणार, यावर या फरकाचा परिणाम होतो.

नियम एक, घरांची वये तीन

मग दोन शहरांतील उतार अजूनही वेगळे का? कारण नियम नव्या बांधकामाला लागू होतो, आणि शहर बहुतांशी जुन्या बांधकामाचे असते. वडोदरा आणि अहमदाबाद या दोन्ही शहरांत घरांच्या तीन पिढ्या शेजारीशेजारी नांदतात.

पहिली पिढी वाडे आणि पोळांची. वडोदऱ्याच्या जुन्या शहरात मांडवीच्या चारही दिशांना गेलेले रस्ते लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या दरवाजांकडे जातात. या भागातील घरे रस्त्याला लागून उभी आहेत. तांबेकर वाड्यासारख्या मराठी वाड्यांना आत चौक होता. घोडा किंवा बग्गी आत घेण्याची सोय असलीच तर ती दरवाजातून थेट चौकात होती. अहमदाबादेत ओटला हा घर आणि पोळ यांच्यामधला दुवा. २०१७ मध्येच या जुन्या शहराला युनेस्कोने जागतिक वारसा नगरीचा दर्जा दिला. अशा घरांपुढे मोकळी जागा मुळातच नसते, त्यामुळे दुचाकी आत चढवण्यासाठी केलेली लोखंडी फळी किंवा सिमेंटची पाचर थेट गल्लीत येते. येथे नव्या नियमाचे मोजमाप लावण्याला अर्थ उरत नाही. गोव्यातील वाचकांनी पणजीच्या फोंतेनाश भागातील रस्त्याला भिडलेली घरे आठवावीत; प्रश्न तोच आहे.

दुसरी पिढी बंगल्यांच्या सोसायट्यांची. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत शहर तटाबाहेर पसरू लागले. १९१६ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी बडोद्याच्या विकास आणि विस्तारावर अहवाल लिहिला. पुढे अलकापुरीसारख्या वसाहतींत रुंद भूखंड, पुढे बाग आणि बाजूने गाडी आत नेण्याची वाट अशी रचना रूढ झाली. अहमदाबादेत साबरमतीच्या पश्चिमेला एलिसब्रिज परिसरात तेच घडले. या घरांपुढे जागा भरपूर होती, म्हणून उतार फाटकाच्या आत मावला. आज त्याच भूखंडांवर सदनिका किंवा दुकाने आली आहेत आणि बागेची जागा वाहनांनी घेतली आहे.

तिसरी पिढी नगररचना योजनांची. गुजरातमध्ये टीपी स्कीम म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत शेतजमिनी एकत्र करून त्यांची फेरआखणी करते. कायद्याने साधारण १५ टक्के जमीन रस्त्यांसाठी, ५ टक्के उद्यानांसाठी, ५ टक्के सामाजिक सुविधांसाठी आणि १५ टक्के विक्रीसाठी घेता येते. उरलेली जमीन नीट आकाराच्या अंतिम भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत मिळते. प्रत्येक अंतिम भूखंडाला रस्ता लाभतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण योजनेचा रस्ता बऱ्याचदा घरे झाल्यानंतर काही वर्षांनी पक्का होतो. तोवर घराचे जोते जुन्या मातीच्या पातळीवरून बांधलेले असते, आणि नवा रस्ता त्याहून उंच किंवा खोल निघतो. उताराचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

उंचीचे अंकगणित

उतार किती लांब असावा, हे मत नव्हे, गणित आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या भागाचे जोते सभोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे. वाहनाची जागा किंवा गॅरेज किमान १५ सेंटिमीटर उंच असले तरी चालते. वाहनांच्या रॅम्पसाठी देशात सर्वसाधारणपणे १:८ ते १:१० असे प्रमाण वापरतात, म्हणजे एक मीटर चढायला आठ ते दहा मीटर लांबी.

१५ सेंटिमीटरचे गॅरेज असेल, तर १:८ च्या हिशेबाने १ मीटर २० सेंटिमीटर उतार पुरतो. घरापुढे ३ मीटर जागा मोकळी असेल, तर तो फाटकाच्या आत सहज बसतो. पण मालकाने पुराच्या भीतीने वाहनाची जागाही ९० सेंटिमीटर उंच केली, तर तेच प्रमाण ७ मीटर २० सेंटिमीटर मागते. आत ३ मीटर आहेत. उरलेले ४ मीटर २० सेंटिमीटर रस्त्यावर जातील. ९ मीटर रुंद रस्त्याचा हा जवळजवळ अर्धा भाग झाला. व्यवहारात एवढा लांब उतार कुणी करत नाही. तो दुपटीने तीव्र केला जातो, मोटारीचा तळ घासतो, दुचाकी पावसात घसरते, आणि तरीही उताराचा दोन फुटांचा जबडा फाटकाबाहेर राहतोच.

दुसरे कारण रस्त्याकडून येते. जुना थर न खरवडता त्यावरच नवे डांबर घातले, की रस्ता दर वेळी थोडा वर येतो. समजा प्रत्येक थर ५ सेंटिमीटरचा आहे. चार वेळा डांबरीकरण झाले की रस्ता २० सेंटिमीटर चढला. नियमाने बांधलेले १५ सेंटिमीटरचे गॅरेज आता रस्त्यापेक्षा खाली गेले. घरमालकाने काही चूक केलेली नसते, तरी पाणी त्याच्या घरात शिरते. मग तो फाटकात उंबरा घालतो आणि उंबऱ्यासाठी बाहेर उतार करतो. शेजारी त्याहून एक वीट उंच जातो.

याची किंमत पादचारी मोजतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेच्या दगडाची उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर सांगितली आहे. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार साधारण १:१२ लागतो. प्रत्येक घरापुढे वेगळ्या उंचीचा रॅम्प असेल, तर पदपथ पायऱ्यापायऱ्यांचा होतो. वृद्ध, अपंग आणि लहान मुलांना घेऊन चालणारे रस्त्याच्या मधून चालू लागतात. योग्य पद्धत याच्या उलट आहे. पदपथाची पातळी सलग राहावी आणि गाडीने पदपथावर चढून मग आत जावे. गाडीसाठी पदपथ कापला जाऊ नये.

पाणी कुठे जाते

वडोदऱ्यात या उताराचा संबंध पुराशी आहे. शहराच्या मधून विश्वामित्री नदी वाहते. पावसाचे पाणी नदीकडे नेणाऱ्या नैसर्गिक नाल्यांना तेथे ‘कांस’ म्हणतात. भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस ही नावे शहरवासीयांच्या तोंडी असतात. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या पुढे मजल मारली आणि अनेक वसाहती पाण्याखाली गेल्या.

एवढ्या मोठ्या पुराचे कारण घरांसमोरचे उतार नव्हेत. नदीपात्रातील आणि नाल्यांवरील अतिक्रमणे, वरच्या भागातून येणारे पाणी, पसरलेले काँक्रीट ही त्याची मोठी कारणे. पण पूर ओसरताना आणि साध्या मुसळधार पावसात गल्लीतले पाणी कांसपर्यंत पोहोचते की नाही, हे रस्त्याकडेच्या गटारावर अवलंबून असते. प्रत्येक फाटकासमोर गटारावर सिमेंट ओतून खाली चार इंचांचा पाइप टाकला, की गटार नावापुरते उरते. पानांनी आणि प्लास्टिकने एक पाइप तुंबला की वरच्या दहा घरांचे पाणी अडते. शिवाय पुरानंतर ज्याने जोते उंचावले, त्याच्या अंगणातले पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते. वैयक्तिक बचाव असा सामूहिक त्रास बनतो.

इंग्लंडने हा धागा फार पूर्वी ओळखला. तेथे घरापुढील पदपथाचा काठ उतरता करून घ्यायचा असेल, तर महामार्ग कायदा १९८० अन्वये रस्त्याच्या प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याशिवाय ऑक्टोबर २००८ पासून घरापुढच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा अधिक जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची असेल आणि तिचे पाणी स्वतःच्याच बागेत जिरवण्याची सोय नसेल, तर नियोजन परवानगी आवश्यक आहे. म्हणजे तेथे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जातात : रस्त्याचा काठ कापला का, आणि पाणी रस्त्यावर सोडले का? जपानने तर त्याही आधीचा प्रश्न विचारला. १९६२ च्या कायद्यानुसार तेथे मोटारमालकाला घराजवळ वाहन ठेवण्याची जागा असल्याचे दाखवावे लागते. भारतीय शहरांत घराच्या नकाशासाठी वाहनतळाचा हिशेब मागितला जातो, पण फाटकाबाहेरच्या काठासाठी आणि पाण्यासाठी बहुधा कुणी अर्ज करत नाही.

कारवाईचा कायदाही एकाच मुळाचा

फाटकाबाहेरच्या बांधकामावर कारवाई करण्याचा अधिकार महापालिकेला आहे. वडोदरा आणि अहमदाबाद या दोन्ही महापालिका १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याच्या गुजरात आवृत्तीखाली काम करतात. पुण्यासारख्या महाराष्ट्रातील महापालिकांचा कायदाही त्याच मुळाचा. त्यातील २२९ ते २३१ ही कलमे रस्त्यात अडथळा आणणारी बांधकामे आणि वस्तू यांच्याविषयी आहेत. विनापरवाना उभारलेला अडथळा नोटीस न देता हटवण्याचा अधिकारही आयुक्तांना आहे.

कायदा सारखा असला तरी तो कधी आणि किती जोमाने वापरला जातो, हे शहरागणिक ठरते. अहमदाबादेत २०१८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने वाहतूक, वाहनतळ आणि रस्त्यांवरील अतिक्रमणे यांविषयी कठोर भूमिका घेतल्यानंतर महापालिकेने मोठी मोहीम हाती घेतली. रस्त्यावर आलेले ओटले, पायऱ्या आणि रॅम्प तोडले गेले. दुकानांच्या तळघरांतील बंद वाहनतळ उघडावे लागले. रोजच्या देखरेखीऐवजी न्यायालयाच्या आदेशाने कारवाई झाली, की वर्षानुवर्षे बिनहरकत वापरलेला उतार एका दिवसात तोडला जातो आणि घरमालकाला अन्याय झाल्यासारखे वाटते. त्याच वेळी बेकायदा बांधकाम शुल्क भरून नियमित करून देणारे कायदेही राज्यात वेळोवेळी झाले. २०११ आणि २०२२ चे कायदे अलीकडचे. वाहनतळाच्या तुटीलाही त्यांत काही प्रमाणात सवलत मिळते. भूखंडातील कमतरता अशी भरून निघू शकते, पण त्या कमतरतेमुळे रस्त्यावर आलेली वाहने तेथेच राहतात.

आणखी एक गैरसमज दोन्ही शहरांत, किंबहुना सर्वत्र आढळतो. फाटकासमोरची जागा आपली आहे असे मानून अनेक जण तेथे कुंड्या, दगड, साखळ्या किंवा ‘येथे वाहन लावू नये’ अशी पाटी ठेवतात. मोटार वाहन कायद्याखालील वाहनचालनाचे नियम दुसऱ्याच्या जागेचे प्रवेशद्वार अडेल अशा रीतीने वाहन लावण्यास मनाई करतात. म्हणजे फाटक मोकळे राहण्याचा हक्क मालकाला आहे. पण तो हक्क येण्याजाण्याचा आहे, जागेच्या मालकीचा नाही. फाटकासमोर दुसऱ्याचे वाहन नको म्हणता येते. त्याच जागी कुंडी ठेवणे हे मात्र रस्त्यातील अडथळ्याच्या कलमात येऊ शकते.

गोव्यासाठी काय

गोव्यातही जमीन विकास आणि इमारत बांधकाम नियमावली, २०१० ही राज्यभर लागू आहे. त्या अर्थाने पणजी आणि मडगाव यांच्यात आज तेच नाते आहे, जे वडोदरा आणि अहमदाबाद यांच्यात २०१७ पासून आहे. फरक कारभाराच्या रचनेत आहे. पणजीत स्वतंत्र कायद्याची महापालिका, इतर शहरांत १३ नगरपालिका आणि ग्रामीण भागात १९१ पंचायती. नियोजनाची मान्यता नगरनियोजन खाते किंवा नियोजन व विकास प्राधिकरण देते, बांधकामाचा परवाना नगरपालिका किंवा पंचायत देते, आणि फाटकाबाहेरचा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो. घराचा परवाना देणारी संस्था आणि घरासमोरच्या गटाराची मालक संस्था वेगळ्या असल्या, की उताराबद्दल विचारायचे कुणाला, हेच नागरिकाला कळत नाही.

त्यात गोव्याचा पाऊस. वार्षिक सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर. वडोदऱ्याचा पाऊस साधारण त्याच्या एक तृतीयांश. शिवाय डोंगरउतारावरची घरे अनेकदा रस्त्यापेक्षा खाली असतात आणि रस्त्याचे पाणी उतारावरून सरळ अंगणात येते. वडोदऱ्यात उतार बाहेर चढतो, गोव्यात तो पुष्कळदा आत उतरतो. दोन्हीकडे गटार बुजवले की फटका बसतोच.

त्यामुळे घर बांधणाऱ्याने किंवा जुन्या घराचा उतार नव्याने करणाऱ्याने काही गोष्टी आधी पाहून घेणे हिताचे ठरेल.

- मोजणी नकाशावरून आपल्या भूखंडाची हद्द कुठे संपते, हे निश्चित करावे. कुंपण हीच हद्द असेल असे गृहीत धरू नये.
- समोरचा रस्ता नगरपालिकेचा, पंचायतीचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे विचारून घ्यावे आणि फाटकाबाहेरच्या कामासाठी त्याच संस्थेकडे लेखी अर्ज करावा.
- रस्त्याचा मध्य, गटाराचा तळ, फाटक आणि वाहनाची जागा या चार बिंदूंच्या पातळ्या नकाशात लिहून घ्याव्यात. उंचीतील फरकाला आठ ते दहाने गुणले की लागणारी लांबी कळते. ती फाटकाच्या आत बसत नसेल, तर फाटकच मागे घ्यावे किंवा वाहनाची जागा खाली ठेवावी. राहत्या भागाचे जोते उंच ठेवून गॅरेज खाली ठेवण्यास संहितेची आडकाठी नाही.
- गटारावर सिमेंट ओतण्याऐवजी उचलता येणारी लादी किंवा लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी सफाई करता येते.
- घर रस्त्यापेक्षा खाली असेल, तर फाटकाच्या ओळीत जाळीचे आडवे गटार करून पाणी बाजूच्या गटारात वळवावे.
- अंगणात सर्वत्र काँक्रीट न करता चाकांच्या दोन पट्ट्याच पक्क्या कराव्यात. मधली माती पाणी जिरवते.

प्रशासनाच्या बाजूनेही दोन गोष्टी शक्य आहेत, आणि त्यांसाठी नवा कायदा लागत नाही. नवे डांबर घालण्यापूर्वी जुना थर खरवडून रस्त्याची पातळी कायम ठेवली, तर घरमालकांना दर काही वर्षांनी उंबरे वाढवावे लागणार नाहीत. आणि बांधकाम परवान्याच्या नकाशात फाटकाबाहेरच्या पट्ट्याचा छेद व रस्त्याच्या पातळ्या दाखवणे बंधनकारक केले, तर परवाना देणारी संस्था आणि रस्त्याची मालक संस्था या दोघींना तो उतार बांधण्यापूर्वी पाहता येईल. गुजरातने आतल्या भागाचे नियम एका पुस्तकात आणले, हे मोठे काम झाले. फाटकाबाहेरचे पाच-दहा फूट त्या पुस्तकाबाहेरच राहिले, म्हणून एकाच नियमाच्या दोन शहरांत उतार वेगवेगळे दिसतात. गोव्यात निदान नव्या परवान्यांपासून तरी हे पाच-दहा फूट नकाशावर आणता येतील.